मुलीला रंगपंचमीच्या गेरला पाठवू का?

मालवी_माणिक

इंदूरकरांना गेर सांगायला नको, पण इथे बाहेरगावचेही वाचतात म्हणून थोडक्यात. रंगपंचमीला टोरी कॉर्नर, मल्हारगंज, राजवाडा या भागातून रंगाच्या मिरवणुका निघतात. पाण्याचे टँकर, मजलेच्या मजले उंच गुलाल उडवणारी यंत्रं, ढोल, आणि लाखांनी माणसं. होळकरांच्या काळापासूनची प्रथा आहे. करोनामुळे २०२० आणि २०२१ साली गेर निघाली नाही तेव्हा आमच्या घरात कुणी जेवताना धड बोललंसुद्धा नव्हतं.

माझी लेक १९ वर्षांची. कॉलेजच्या दहा-बारा जणांत पाच मुली आहेत, सगळे यंदा खाली उतरून गेर खेळणार. तिनं मला विचारलं नाही, सांगितलं. मी दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "मावशीच्या गॅलरीतून किती छान दिसते!" तर म्हणाली, "आई, तू इथली असून एकदाही खाली उतरली नाहीस?"

उतरले होते. १९९६ साली, तेव्हा मी अठराची होते. गोपाल मंदिराच्या कोपऱ्यावर गर्दी दाटली. मामा माझ्यापासून दोन हातांवर होता. पुढची दोन-तीन मिनिटं माझ्या अंगावर किती जणांचे हात होते ते मला आजही सांगता येणार नाही. रंगामुळे एकही चेहरा ओळखू येत नव्हता. माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. ओढणी तिथेच राहिली. घरी आले ती थेट न्हाणीघरात गेले. रंग निघत नाही म्हणून इतका वेळ लागतोय असं सगळ्यांना वाटलं, आजीनं दाराशी बेसन आणि दही आणून ठेवलं. मी कुणालाच काही सांगितलं नाही. फक्त ओढणी हरवली एवढं सांगितलं, त्यावरून आईची बोलणी खाल्ली.

त्याला २९ वर्षं झाली. पाणीपताशाच्या ठेल्यापाशी मी भिंतीला पाठ लावूनच उभी राहते. शीतलामाता बाजारात पर्स खांद्याला नसते, छातीशी धरलेली असते. थिएटरमध्ये कडेची खुर्ची, लग्नाच्या वरातीत सगळ्यात मागे. घरच्यांची समजूत अशी की हिला गर्दीत गुदमरतं. इतकी वर्षं मी स्वतःही तेच म्हणत आले.

माझे प्रश्न दोन. तिला पाठवू का? आणि हे तिला सांगू का?

पोहे_जलेबी

पाठवा ताई. बारा जण आहेत, मुलं सोबत आहेत.

रामबागची_सून

@पोहे_जलेबी, ताईंचा मामा दोन हातांवर होता असं त्यांनी लिहिलंय.

ताई, तुमचं वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. माझं गेरचं नाही, टेम्पोचं आहे. तेव्हा सरवटे स्टँडकडून ते काळे-पिवळे टेम्पो जायचे, समोरासमोर दोन बाकं, गुडघ्याला गुडघा. रोज कॉलेजला त्यातून. कॉलेजच्या पहिल्या दिवशी आईनं डबा दिला, रुमाल दिला आणि ब्लाउजच्या आतून एक सेफ्टी पिन लावून दिली. कशासाठी ते ती बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आठवड्याभरात कळलं. ती पिन मी तीन वर्षं वापरली. आजही साडी न नेसता सलवार-कमीज घालून बाहेर पडते तेव्हासुद्धा एक पिन आतून लावते. पिन नसेल तर जिन्यावरून परत फिरते. नवऱ्याला वाटतं मी विसरभोळी आहे, सारखी काहीतरी घ्यायला घरात येते.

जुना_इंदूरी

कुणी गैरसमज करून घेऊ नये, पण आमच्या काळात हे प्रकार नव्हते. माझा जन्म १९५६चा, जेल रोडवर वाढलो. मोहल्ल्यातली मुलगी म्हणजे सगळ्यांची बहीण. गेरमध्ये रंग डोळ्यांत जायचा, याहून वाईट काही ऐकलं नाही. गाव वाढलं, बाहेरची वस्ती वाढली, तसं हे आलं. एका प्रसंगावरून आपल्या परंपरेला नाव ठेवू नये एवढीच विनंती.

नारायणबाग_आजी

जुना इंदूरी भाऊ, मी तुमच्याहून सहा वर्षांनी मोठी आहे, म्हणून बोलते. तुमच्या काळात हे होतं. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. मी बारा-तेरा वर्षांची असताना खजुरी बाजारात जुनी पुस्तकं घ्यायला जायची. दुकानदार म्हातारा, चांगला खात्यापित्या घरचा, धोतर-टोपीतला, आपल्यातला. पुस्तक दाखवायला म्हणून फळीच्या आत बोलवायचा. मी जाणं बंद केलं. वडिलांना वाटलं पोरीचं वाचनाचं वेड गेलं, आता हिला स्वयंपाक शिकवायला हवा. तो माणूस बाहेरून आलेला नव्हता हो. आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा.

पुढे लग्न झाल्यावर एकदा रिगल टॉकीजपाशी एकानं धक्का दिला तेव्हा मात्र मी छत्री अशी घातली त्याच्या पाठीत की छत्रीची तार मोडली. सासूबाई रागावल्या. छत्री मोडली म्हणून.

पोहे_जलेबी

आजी, छत्रीचे पैसे आमच्याकडून. आणि @रामबागची_सून, चुकलं माझं. मी घाईत लिहिलं.

दुपारची_उसळ

जुना इंदूरी काका, मी सध्या बडोद्याला असते, माहेर इंदूरचं. तिथेही गरब्याच्या मैदानावर ज्येष्ठ मंडळी हेच सांगतात, "आमच्या काळी नव्हतं." ताईंच्या पोस्टमध्ये परंपरेला नाव ठेवल्याचं मला तरी कुठे दिसलं नाही. त्यांनी फक्त २९ वर्षं गेर वरून पाहिली.

आकडेमोड

मी नोकरीनिमित्त सर्वेक्षणाच्या कामात असते, म्हणून एक गोष्ट जोडते. गिरिजा बोरकर नावाच्या अर्थतज्ज्ञ आहेत, त्यांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. मुलींना ज्या दर्ज्याच्या कॉलेजात प्रवेश मिळू शकत होता त्याहून खालच्या दर्ज्याचं कॉलेज त्या निवडत होत्या, कारण तिथे जायचा रस्ता त्यांना सुरक्षित वाटत होता. मुलगे असं फारसं करत नव्हते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं. मीही तेच केलं. भंवरकुआँच्या बाजूला जो कोर्स मिळत होता तो सोडून घराजवळ चालत जाता येईल असं कॉलेज घेतलं. विषय बदलला. मार्कशीटवर त्याची कुठे नोंद नाही. घरी मी सांगितलं की मला फिजिक्समध्ये रस राहिला नाही. फिजिक्समध्ये मला रस होता. आमच्या मॅजिकमध्ये, म्हणजे छोट्या प्रवासी गाडीत, मागच्या सीटवर रोज एक जण येऊन बसायचा, त्याला टाळायचं होतं. पगारातला फरक काढायला बसले तर आकडा निघेल, पण मी तो कधी काढलेला नाही.

एबी_रोड

मॅजिक आणि नगरसेवा हाच खरा प्रश्न आहे. आयबस, म्हणजे बीआरटीएसच्या वेगळ्या मार्गिकेतली बस, सुरू झाली तेव्हा बायकांना वेगळी जागा होती, दारं नीट बंद व्हायची, स्टॉपवर माणूस असायचा. पुढे बीआरटीएस काढायचं ठरलं. रस्ता मोकळा होईल म्हणतात, पण ज्या मुली आयबसच्या भरवशावर विजयनगरहून इकडे येतात त्यांचं काय? मोटारवाल्यांची सोय बघितली सगळ्यांनी.

सराफा_रात्र

बीआरटीएस गेलं ते बरंच झालं. रुग्णवाहिका अडकायच्या.

एबी_रोड

रुग्णवाहिका त्याच मार्गिकेतून सरळ जायच्या. मी स्वतः बघितल्यात.

व्यवस्थापन

बीआरटीएससाठी वेगळा धागा काढा. इथे मूळ विषयावर राहू या.

मनाचे_बोल

मी समुपदेशक आहे, इंदूरमध्येच. मालवी_माणिक, तुम्ही लिहिलंत, "माझ्या तोंडून आवाज फुटला नाही." हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते, आणि त्याच्या मागोमाग येणारा "मी ओरडले का नाही" हा प्रश्नही. बायका वीस-वीस वर्षं स्वतःला तो विचारत असतात.

धोका अंगावर आला की शरीर लढतं किंवा पळतं, आणि दोन्ही जमत नसलं की गोठतं. हे ठरवून होत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ बायकांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या ७० टक्के बायकांनी त्या वेळी शरीर ठळकपणे ताठरून गेल्याचं सांगितलं होतं. ज्यांचं असं झालं त्यांना सहा महिन्यांनी नैराश्याचा आणि आघाताचा त्रासही जास्त होता. ही पाहणी बलात्काराची आहे, गर्दीतल्या स्पर्शाची नाही, हे मला ठाऊक आहे. पण गोठण्याची गोष्ट तीच.

गर्दीतल्या प्रसंगाचं आणखी एक असतं. चेहरा नसतो. एकच माणूस असेल तर मनाला राग धरायला जागा मिळते. इथे राग रस्त्यावर, रंगावर, ढोलाच्या आवाजावर जाऊन बसतो. माझ्याकडे येणाऱ्या एक बाई नाशिक ढोल वाजला की खोलीचं दार लावून घेत, नातवाच्या मुंजीतसुद्धा. कारण कळायला आम्हाला चार महिने लागले.

मालवी_माणिक

ढोल. हो. हे मी लिहिलं नव्हतं.

वकीलसाहिबा

कुणी विचारण्याआधीच कायद्याचं सांगून ठेवते. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. गर्दीत हात लावणं, पकडणं हे कलम ७४, एक ते पाच वर्षं कैद. अश्लील शेरे आणि नको असलेली सलगी कलम ७५. पाठलाग कलम ७८. शब्द किंवा हातवारे कलम ७९. यात "रंगपंचमी सोडून" असं कुठेही लिहिलेलं नाही. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा.

आणि जुना इंदूरी काकांनी "सगळ्यांची बहीण" म्हटलं म्हणून हे आठवलं. २०२० साली उज्जैनच्या एका प्रकरणात शेजाऱ्यानं बाईच्या घरात घुसून तिचा हात धरला होता. उच्च न्यायालयाच्या आपल्या इंदूर खंडपीठानं त्याला जामीन देताना अट घातली की त्यानं राखीपौर्णिमेला मिठाई घेऊन तिच्या घरी जावं, तिच्याकडून राखी बांधून घ्यावी आणि ओवाळणी म्हणून ११,००० रुपये द्यावेत. ज्या दारातून तो घुसला त्याच दारातून त्यानं पुन्हा आत यायचं. ॲड. अपर्णा भट आणि आणखी आठ वकील सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १८ मार्च २०२१ला ती अट रद्द झाली. न्यायाधीशांनी असल्या प्रकरणात तडजोड किंवा लग्न सुचवू नये, बाईच्या कपड्यांवर आणि वागण्यावर बोलू नये, हेही त्या निकालात आहे. मी त्या दिवशी कोर्टाच्या आवारात पेढे वाटले होते.

कोपऱ्यातली_खुर्ची

नाव न लावता लिहायची सोय आहे म्हणून लिहिते. माझं ऑफिसातलं, २००४ सालचं. साहेब फाईल समजावताना खुर्चीच्या मागे उभे राहायचे आणि खांद्यावर हात ठेवायचे. बस, एवढंच. कुणाला सांगावं तर "एवढंच ना?" मी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायला लागले म्हणजे मागे जागाच राहणार नाही. शिपाई रोज सकाळी झाडताना ती पुढे ओढायचा, मी आले की पुन्हा मागे ढकलायची. आठ महिन्यांनी नोकरी सोडली. घरी सांगितलं, बाळाकडे बघायला कुणी नाही. नंतर दुसरी नोकरी धरायला अकरा वर्षं लागली. आता स्वतःचं छोटं ऑफिस आहे आणि माझी खुर्ची अजून भिंतीलाच टेकलेली असते.

वकीलसाहिबा

ताई, "एवढंच" नव्हतं ते. २००४मध्येही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलची सर्वोच्च न्यायालयाची १९९७ची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं होती आणि ऑफिसात तक्रार समिती असणं बंधनकारक होतं, पण बहुतेक ठिकाणी ती कागदावरही नसायची. २०१३च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष बाईच, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. तक्रारीची मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. ऑफिस लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तीच वाट आहे, त्यांना हे आपणच सांगायला हवं.

गराडू

मी पुरुष, वय ४१. सकाळपासून हा धागा वाचतोय. कॉलेजात असताना आम्ही पाच-सहा जण गेरला जायचो. आमच्यातला एक जण हे करायचा. घोळक्यात घुसायचा आणि बाहेर येऊन हसत सांगायचा. मी केलं नाही. पण मी हसलो. दोन वर्षं त्याच्याबरोबर गेलो आणि एकदाही त्याला "बस कर भिया" म्हटलं नाही. तो आज दोन मुलींचा बाप आहे, आमच्या घरी येतो. माझ्या बायकोला यातलं काही माहीत नाही. मालवी_माणिक, तुम्ही लिहिलंत ते १९९६चं, आमचं बरंच नंतरचं. पण कुणाची तरी ओढणी तेव्हाही पडलीच असेल.

रामबागची_सून

गराडू, तुम्ही लिहिलंत म्हणून तुमच्यावर ओरडणार नाही. पण तो घरी येतो तेव्हा तुमची मुलगी कुठे असते तेवढं बघा.

गराडू

बघतो. आणि बायकोलाही सांगणार आहे.

भंवरकुआँ_२२

मी बावीस वर्षांची आहे, इथे बहुतेक सगळ्यांत लहान. कोचिंगच्या भागात राहते. आमच्याकडे टेम्पो नाही, पण मोबाईल आहे. मागून फोटो काढतात, बाईकवरून हळूहळू मागे येतात, इन्स्टावर शोधून मेसेज करतात. मला एकानं सहा आठवडे फॉलो केलं. मी केस कापले, तीन रस्ते बदलले, आणि शेवटी लायब्ररीची संध्याकाळची वेळ सोडून पहाटेची घेतली. १०९० या महिला हेल्पलाइनवर फोन केला मैत्रिणीनं, मी नाही. मला वाटायचं आईला कळलं तर ती परत गावी बोलावेल.

काकू, तुम्ही विचारलंत सांगू का. माझ्या आईनं तिचं काहीतरी सांगितलं असतं तर मी माझं तिला सांगितलं असतं. मुलीला सांगा. फक्त "म्हणून जाऊ नकोस" असं शेवटी जोडू नका. ते जोडलंत तर तिला काही झालं तरी ती तुम्हाला सांगणार नाही.

गेरला आम्ही दोन वर्षं गेलो. मधल्या दाटीत शिरत नाही, राजवाड्याच्या अलीकडे कडेला राहतो, चुकामूक झाली तर कुठल्या दुकानापाशी जमायचं ते आधी ठरवतो. फाग यात्रा नावाच्या मिरवणुकीत बायका पुष्कळ असतात, तिथे मोकळं वाटतं. आणि कुणाला काही झालं तर पाचही जणी एकदम ओरडायचं, जिला झालं तिनंच ओरडायचं असं नाही. ती गोठलेली असू शकते.

मनाचे_बोल

पाचही जणी ओरडायचं. हे मी माझ्या गटांमध्ये सांगणार, तुझी परवानगी असेल तर.

जुना_इंदूरी

काल रात्री हा धागा सौभाग्यवतींना वाचून दाखवला. आजींना आणि वकीलसाहिबांना उलट उत्तर द्यावं असा विचार होता. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "सराफ्यात मी कायम तुमच्या डाव्या हाताला, दुकानांच्या बाजूनं चालते, का ते विचारलंत कधी?" लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. मी नाही विचारलं. मग तिनं १९७९चं काही सांगितलं. ते इथे लिहायचं नाही असं तिनं बजावलंय. माझं पहिलं पोस्ट मी काढून टाकणार होतो, तीच म्हणाली राहू द्या.

नारायणबाग_आजी

वहिनींना माझा नमस्कार सांगा भाऊ.

मालवी_माणिक

रंगपंचमी झाली. लिहायला दोन दिवस लागले.

आदल्या रात्री लेकीला सांगितलं. स्वयंपाकघरात, दिवा न लावता. तिनं पहिला प्रश्न विचारला, "मामाला माहितीये?" मग बराच वेळ काही बोलली नाही, माझा हात धरून बसली. "म्हणून जाऊ नकोस" माझ्या ओठांवर आलं होतं, भंवरकुआँ_२२, खरंच आलं होतं. तुझी आठवण झाली.

ती गेली. मी मावशीच्या गॅलरीत होते, पण या वेळी ढोल जवळ आल्यावर आत गेले नाही. दुपारी तिचा फोन आला. तिला काही झालं नव्हतं. तिच्या एका मैत्रिणीला एकानं मागून पकडलं होतं. चौघी ओरडल्या, सोबतच्या मुलांनी त्याला धरून ठेवलं, पोलीस आले आणि घेऊन गेले. मुलीचं नाव-पत्ता विचारला तेव्हा मात्र ती घाबरून निघून आली. आता तिचे वडील म्हणतात विषय संपला, पोरीचं नाव कशाला गुंतवायचं. तिची आई रात्री माझ्याकडे आली होती. मुलीला तक्रार करायची आहे, पण त्या दिवशी सोडून दिली, आता उशीर झाला का? वकीलसाहिबा, सांगाल का?

वकीलसाहिबा

उशीर झालेला नाही. कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. अशा गुन्ह्यात जबाब बाई अधिकाऱ्यानंच नोंदवायचा असतो, तसा आग्रह धरा. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. कलम ७४ची तक्रार घ्यायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्यालाही शिक्षा आहे, गरज पडली तर शांतपणे तेवढं बोलून दाखवा. तिनं त्या दिवशीचे कपडे धुतले नसतील तर तसेच ठेवा, आणि सोबतच्या मुलांकडचे फोटो-व्हिडिओ कुणीही डिलीट करू नयेत. वडिलांशी मी बोलते, त्यांची हरकत नसेल तर. तिची इच्छा बदलली तर तेही चालेल, तिच्यावर जोर करू नका.

मालवी_माणिक

तिला मघाशी पुन्हा विचारलं. जायचं म्हणते. उद्या सकाळी ती, तिची आई, माझी लेक आणि मी.

रामबागची_सून

मी येते. किती वाजता?

मालवी_माणिक

अकरा. गोपाल मंदिराच्या कोपऱ्यावर थांबते.

कोपऱ्यातली_खुर्ची

मीही येतेय.